टर्बो गाडीला पेट्रोल पुरतंय का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

टर्बो गाड्यांच्या पेट्रोलबद्दल इतके प्रश्न साठलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचं प्रेशर, वाढवणं आता फारच सोपं झालंय, एक कंट्रोलर लावला की संध्याकाळपर्यंत गाडी वेगळी वाटायला लागते, पण वाढलेल्या हवेबरोबर पेट्रोल आणि इग्निशन दोन्ही सांभाळावं लागतं आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

प्रश्न: माझी २ लिटर, ४ सिलेंडरची टर्बो स्पोर्ट्स कार आहे, पोर्ट इंजेक्शनवाली (पेट्रोल सिलेंडरच्या बाहेर, इनटेकमध्ये फवारणारी), कंपनीचे मिनिटाला ३८० सीसी देणारे इंजेक्टर. मोठा इंटरकूलर आणि मोकळा एक्झॉस्ट टाकला आणि बूस्ट ०.७ बारवरून १.१ बार केला. आता ५५०० आरपीएमच्या वर गाडी अडखळते, ओढ जाते. एक मित्र म्हणतो माझ्याकडे जुना पिगीबॅक (कंपनीच्या इंजिन कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, जोडायचा डबा) पडलाय तो लाव, दुसरा म्हणतो सरळ कंपनीच्या ईसीयूच्या जागी बसणारा स्टँडअलोन ईसीयू घे. मला ३०० हॉर्सपॉवर हवेत. कुठला बॉक्स घेऊ?

उत्तर: बॉक्स सगळ्यात शेवटी. तुमच्या प्रश्नात बूस्टचा आकडा आहे, इंजेक्टरचा आहे, पण पेट्रोल कमी पडतंय हे सांगणारा एकही आकडा नाहीये. ५५०० ला अडखळणं पेट्रोल संपल्यामुळे असेल, प्लगची गॅप जास्त असल्यामुळे बूस्टमध्ये ठिणगी विझत असेल, इंजिन ठोकतंय (पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटतंय) असं नॉक सेन्सरकडून ऐकून ईसीयूने टायमिंग मागे ओढलं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडली असेल, नाहीतर बूस्ट मर्यादेबाहेर गेला म्हणून त्याने सरळ बूस्ट कट मारला असेल, आणि सीटवर बसलेल्या माणसाला हे चारही प्रकार जवळपास सारखेच जाणवतात. न मोजता बॉक्स लावलात तर रोग म्हशीला आणि औषध पखालीला असं होईल.

म्हणून आधी एक्झॉस्टमध्ये हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवा, इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर, म्हणजे फ्युएल रेलवर, प्रेशर सेन्सर लावा आणि इंजेक्टर किती वेळ उघडा राहतोय ते लॉग करा. डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर) किंवा बंद ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये ३००० पासून वर एक फुल थ्रॉटल पुल काढा, आणि लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे अगदी जुळलेलं, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८८ च्या वर सरकायला लागली की लगेच पाय उचला, रेडलाइनपर्यंत ओढत बसू नका. या एका पुलमधून जितकं कळतं तितकं महिनाभर मित्रांशी चर्चा करूनही कळत नाही, खरंच सांगतो.

आता तुमच्या आकड्यांचा हिशोब करू. ०.७ बार बूस्ट म्हणजे मॅनिफोल्डमध्ये वातावरण धरून १.७ बार, १.१ म्हणजे २.१ बार. २.१ भागिले १.७ केलं की १.२३ येतात, म्हणजे तापमान तेवढंच राहिलं असं धरलं तर हवा साधारण २३ टक्के वाढली. कंपनीने इंजेक्टर वरच्या आरपीएमला ८० टक्के ड्युटी सायकलवर, म्हणजे प्रत्येक सायकलच्या ८० टक्के वेळ उघडे, चालवले असतील तर आता त्यांना जवळपास ९९ टक्के लागतील, म्हणजे इंजेक्टर मिटायलाच सवड नाही. ६५०० आरपीएमला इंजिनाची पूर्ण सायकल, म्हणजे दोन फेऱ्या, १८.५ मिलिसेकंदात होते, आणि लॉगमध्ये इंजेक्टर १७ मिलिसेकंद उघडा दिसला तर ती ९२ टक्के ड्युटी झाली. ८५ च्या वर गेलं की मी माणसाला थांबवतो, कारण तिथून पुढे इंजेक्टर धड उघडत नाही की धड मिटत नाही, आणि प्रत्येक सिलेंडरला किती पेट्रोल मिळतंय याची खात्री राहत नाही.

हॉर्सपॉवरच्या बाजूनेही बघा. टर्बो पेट्रोल इंजिनाला प्रत्येक हॉर्सपॉवरमागे मिनिटाला साधारण ६.३ सीसी पेट्रोल लागतं असं धरून चालायचं, थोडं इकडेतिकडे होतं पण हिशोबाला पुरतं. तुमचे ३८० चे चार इंजेक्टर ८५ टक्क्यांवर मिनिटाला १२९२ सीसी देतात, म्हणजे २०५ हॉर्सपॉवरचं पेट्रोल. तुम्हाला हवेत ३००, त्याला १८९० सीसी लागणार, चार सिलेंडरमध्ये वाटून आणि ८५ टक्क्यांनी भागून इंजेक्टर येतो ५५६ सीसीचा. ५५० घेतलात तर अगदी काठावर राहाल, थंड रात्री हवा जाड झाली की तेवढंही पुरणार नाही. ६५० घ्या. हे सगळे आकडे रेल आणि मॅनिफोल्डमध्ये ३ बारचा फरक धरून सांगितलेत, विकत घेताना त्याच प्रेशरवरचा आकडा आहे ना ते बघा, कारण ४ बारवर मोजलेला इंजेक्टर कागदावर १५ टक्के मोठा दिसतो.

पंपाचंही तसंच. १८९० सीसी म्हणजे तासाला ११३ लिटर, त्यामुळे २५५ लिटरचा पंप भरपूर झाला असं वाटतं आणि बहुतेक वेळा तो होतोही, फक्त तो आकडा साधारण ३ बारवरचा असतो आणि तुमच्या रेलमध्ये फुल बूस्टला ४.१ बार असणार, प्रेशर वाढलं की पंपाचा पुरवठा घटतो. त्यात पंपाला वीज कंपनीच्या जुन्या बारीक वायरमधून येत असेल तर अल्टरनेटर १४ व्होल्ट देत असताना पंपाच्या टर्मिनलवर साडेअकरा पोचतात. माझ्याकडे आलेल्या एका गाडीला वर्षभरात दोन पंप बदलून झाले होते आणि तरी वर लीन व्हायची, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडायचं. मीटर घेऊन पंपाच्या प्लगवर व्होल्टेज बघितलं तर ११.३! बॅटरीतून फ्यूज लावून जाड वायर आणली, रिले घातला, अर्थिंग नीट केलं आणि त्याच पंपावर रेल प्रेशर शेवटपर्यंत सरळ रेषेत राहिलं.

आता बॉक्सकडे येऊ. जुन्या प्रकारचा पिगीबॅक, एपेक्सीचा एस-एएफसी हे त्यातलं गाजलेलं नाव, हवा मोजणारा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतो आणि हवेचा सिग्नल कमीजास्त करून पुढे पाठवतो. तुम्ही ३८० च्या जागी ६५० चे इंजेक्टर टाकलेत की पेट्रोल कमी करायला त्याला हवेचा सिग्नल ४० टक्क्यांच्या आसपास खाली आणावा लागतो. पेट्रोल जुळतं, वाइडबँडवर ११.८ (एक भाग पेट्रोलला ११.८ भाग हवा) दिसतो, सगळे खूश. पण ईसीयू इग्निशनचं टायमिंगही त्याच हवेवरून ठरवतो! त्याला वाटतं की इंजिनावर साठ टक्क्यांच्या आसपासच लोड आहे, म्हणून तो हलक्या लोडचं टायमिंग देतो, म्हणजे ठिणगी कित्येक डिग्री आधी पडते, आणि तीही फुल बूस्टमध्ये. मिक्स्चर बरोबर असून इंजिन ठोकतं ते असं. वर कंपनीचा हवेवरून चालणारा बूस्ट कटसुद्धा मारला जात नाही, कारण ईसीयूच्या लेखी बूस्ट झालेलाच नाहीये.

माझ्या स्वतःच्या गाडीचं इंजिन मी असंच घालवलंय. मिक्स्चर महिनाभर उत्तम दिसत होतं. एक दिवस प्लग काढले तर तिसऱ्या सिलेंडरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरीच्या पुडीसारखे बारीक राखाडी ठिपके होते, उजेडात तिरका धरला की चमकायचे. ते पिस्टनचं अॅल्युमिनियम होतं. मला तेव्हा ते कळलं नाही, पुसून प्लग परत बसवला, आणि पुढच्याच आठवड्यात कॉम्प्रेशन गेलं, पिस्टनच्या दोन रिंगमधली कड तुटून आली. तेव्हापासून कुठलीही ट्यून केलेली गाडी समोर आली की मी आधी प्लग काढून भिंग लावून बघतो.

त्यामुळे तुमच्या मित्राचा पिगीबॅक नको. १० टक्क्यांच्या आतली किरकोळ दुरुस्ती असेल तर तो चालतो, इग्निशनही हलवू शकणारे पिगीबॅक त्याहून बरे, पण तुमचा बदल त्या मापाचा नाहीये. तुमच्या ईसीयूचं सॉफ्टवेअर उघडून बदलता येत असेल तर रीफ्लॅश करा, ईसीयूटेक किंवा कॉबसारख्यांचा तुमच्या मॉडेलला सपोर्ट आहे का ते बघा. त्यात ईसीयूला नव्या इंजेक्टरचा खरा आकार सांगता येतो, हवेचा सिग्नल खरा राहतो, आणि थंडीत स्टार्ट होणं, एसी लावल्यावर आयडल सांभाळणं ही कंपनीने घासूनपुसून बसवलेली कामं जशीच्या तशी राहतात. स्टँडअलोन, मग तो हॉलटेक असो, लिंक असो की मेगास्क्वर्ट, तेव्हाच घ्या जेव्हा कंपनीचा ईसीयू उघडतच नाही, किंवा हवा मोजायची पद्धतच बदलायचीय. ताकद त्यात भरपूर आहे, पण आयडल, कोल्ड स्टार्ट, फॅन, एसी सगळं नव्याने शिकवावं लागतं, फुल थ्रॉटलचा मॅप (किती पेट्रोल, कधी ठिणगी याचा तक्ता) एका दिवसात होतो आणि सकाळी गार इंजिन एका सेल्फमध्ये चालू व्हायला कधीकधी महिना जातो. ट्यूनर त्या ईसीयूवर रोज काम करणारा हवा, बॉक्सपेक्षा मी त्याला जास्त महत्त्व देतो.

आणि हो, हे सगळं होईपर्यंत बूस्ट परत ०.७ वर आणा. आजच आणा.

प्रश्न: माझी मूळ नॉन-टर्बो गाडी आहे, तिला टर्बो किट बसवलंय, ०.५ बार बूस्ट. किटबरोबर १२ ला १ चा रायझिंग रेट रेग्युलेटर आलाय. ईसीयूला हात न लावता त्याच्यावरच भागेल का?

उत्तर: कागदावर भागतं, म्हणूनच हे रेग्युलेटर इतकी वर्षं किटबरोबर येतायत. नेहमीचा रेग्युलेटर १ ला १ असतो, बूस्ट जितका वाढला तितकंच रेल प्रेशर वाढवतो, म्हणजे इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक कायम राहतो. तुमचा १२ पट वाढवतो. मूळ ३ बार, त्यात ०.५ गुणिले १२ म्हणजे ६ बार, रेलमध्ये झाले ९ बार. त्यातून समोरून ढकलणारा अर्धा बार बूस्ट वजा केला की इंजेक्टरवर ८.५ बारचा फरक उरतो. इंजेक्टरचा पुरवठा प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, त्यामुळे प्रेशर पावणेतीन पट करूनही पेट्रोल १.६८ पटच होतं. अर्धा बार बूस्टला हवा दीडपट, म्हणजे जमलं म्हणायचं.

आता ९ बार देणार कोण? बऱ्याच टाकीतल्या पंपांचा आतला सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच्या आधीच उघडतो आणि प्रेशर तिथेच अडकतं, तुम्हाला वाटतं ९ आहे आणि असतं ६-७. काही इंजेक्टर एवढ्या प्रेशरविरुद्ध वेळेत उघडतच नाहीत. जुने रबरी होज असतील तर त्यांचाही विचार करा, गरम एक्झॉस्टच्या शेजारी ९ बारचं पेट्रोल खेळवणं ही मला झोप उडवणारी गोष्ट वाटते.

आणि टायमिंगचा प्रश्न इथेही आहेच. नॉन-टर्बो ईसीयूला बूस्ट म्हणजे काय तेच माहीत नाही, त्याच्या मॅपचा शेवटचा रकाना वातावरणाच्या दाबाला संपतो, आणि नॉन-टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच जास्त. म्हणजे टायमिंग मागे घ्यायला कुणीच नाही. हा रेग्युलेटर काढून १ ला १ चा घाला, थोडे मोठे इंजेक्टर टाका आणि पेट्रोल आणि इग्निशन दोन्ही हातात देणारा ईसीयू लावा. तेवढं लगेच शक्य नसेल तर बूस्ट ०.३ बारच्या आसपास ठेवा आणि इनटेकची हवा थंड ठेवायची सोय करा.

प्रश्न: १००० सीसीचे इंजेक्टर टाकून रीमॅप केला. फुल थ्रॉटलला गाडी झकास, पण आयडल वरखाली होतं, सिग्नलला बंद पडते, पेट्रोलचा वास येतो. रेडिएटरचा फॅन लागला की आणखीनच बिघडतं. इंजेक्टर खराब निघाले का?

उत्तर: फॅनचं लिहिलंत ते फार बरं केलंत, त्या एका ओळीवरून दुखणं कळतंय. इंजेक्टरला करंट मिळाल्यापासून तो खरोखर उघडेपर्यंत काही वेळ फुकट जातो, त्याला डेड टाइम म्हणतात, १४ व्होल्टला तो साधारण १ मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि व्होल्टेज पडलं की वाढतो. फॅन लागला, व्होल्टेज खाली आलं, इंजेक्टर उशिरा उघडायला लागला आणि ईसीयूला ते माहीत नाही कारण मॅपमध्ये अजून जुन्या इंजेक्टरचा डेड टाइम आहे. वास रिचचा (पेट्रोल जास्त) आणि बंद पडणं लीनचं, दोन्ही एकाच गाडीत होतं कारण चूक व्होल्टेजप्रमाणे इकडून तिकडे जाते.

आयडललाच का, तर हे बघा. समजा जुना ३८० चा इंजेक्टर आयडलला १.५ मिलिसेकंद खरा उघडा असायचा. १००० च्या इंजेक्टरला तेवढ्याच पेट्रोलला ०.५७ मिलिसेकंद पुरतात. डेड टाइममध्ये ०.२ मिलिसेकंदाची चूक असेल तर इथे ती ३५ टक्के झाली. तीच चूक फुल थ्रॉटलला १२ मिलिसेकंदात पावणेदोन टक्केसुद्धा नाही, म्हणून तिथे झकास.

विकणाऱ्याकडून त्या इंजेक्टरचा व्होल्टेजप्रमाणे डेड टाइमचा तक्ता मागा, शिवाय अगदी छोट्या पल्सला इंजेक्टर सरळ रेषेत वागत नाही त्याचा वेगळा डेटा असतो तोही मागा. ज्याच्याकडे हा डेटा नाही त्याच्याकडून इंजेक्टर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, कितीही चांगल्या कंपनीचा शिक्का असो. चारही इंजेक्टर एकत्र मोजून जुळवलेले आहेत का तेही विचारा.

अजून एक तपासा, मीटर लावून इंजेक्टरचा रेझिस्टन्स बघा. १२ ते १६ ओम असेल तर हाय इम्पिडन्स, बहुतेक ईसीयू थेट चालवतात. २-३ ओम आला तर तो लो इम्पिडन्स, त्याला पीक अँड होल्ड ड्रायव्हर किंवा रेझिस्टर पॅक लागतो, नाहीतर ईसीयूचे ड्रायव्हर जळतात. तुमची गाडी चालतेय म्हणजे बहुधा तसं नसावं, पण दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका.

प्रश्न: कंपनीच्या ऑक्सिजन सेन्सरलाच एक स्वस्तातलं एअर-फ्युएल मीटर जोडलंय. बूस्टमध्ये "रिच" चा दिवा लागतो, म्हणजे सेफ ना? आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भरल्यावर आकडा कुठला धरायचा?

उत्तर: नाही, सेफ नाही. कंपनीचा जुना नॅरोबँड सेन्सर फक्त लॅम्ब्डा १ च्या आसपास बोलतो, त्याच्या रिच बाजूला गेलं की व्होल्टेज वर जातं आणि तिथेच बसतं. ०.७८ लॅम्ब्डाला दिवा लागतो आणि ०.९५ लाही लागतो. पहिल्यात इंजिन सुखात असतं, दुसऱ्यात फुल बूस्टला पिस्टनवर संकट. फरक तुमच्या मीटरला दिसतच नाही. वाइडबँड घ्या, बॉश एलएसयू ४.९ सेन्सरवर चालणारे बरेच कंट्रोलर मिळतात. टर्बोच्या पुढे डाउनपाइपमध्ये बसवा, टर्बोच्या आधी नको, तिथलं प्रेशर आणि उष्णता दोन्ही सेन्सरला मारक. सेन्सर आडवा किंवा उलटा लावू नका, आडव्यापासून किमान १० डिग्री वर उचललेला हवा म्हणजे पाणी आत साचत नाही. आणि इंजिन चालू असताना सेन्सरचा हीटर बंद ठेवू नका, काजळी धरून तो काही दिवसांत खोटं बोलायला लागतो.

इथेनॉलचं म्हणाल तर १४.७ वगैरे आकड्यांचा नाद सोडा आणि मीटर लॅम्ब्डावर ठेवा. शुद्ध पेट्रोलला लॅम्ब्डा १ म्हणजे १४.७ ला १, १० टक्के इथेनॉलला साधारण १४.१, २० टक्क्यांना १३.५, ई८५ ला (साधारण ८५ टक्के इथेनॉल) ९.८ च्या आसपास. सेन्सर मुळात लॅम्ब्डाच मोजतो आणि मीटर त्याला १४.७ ने गुणून दाखवतो, टाकीत काय आहे ते त्याला माहीत नसतं. लॅम्ब्डात वाचलं की पेट्रोल बदललं तरी भाषा बदलत नाही. फुल बूस्टला ०.७८ ते ०.८२ हा बहुतेक पोर्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांना मानवणारा पट्टा आहे, ट्यूनर तुमच्या इंजिनाप्रमाणे त्यात हलवेल.

फक्त इंजेक्टर आणि पंपाचा हिशोब मात्र बदलतो हे विसरू नका. ई८५ ला तेवढ्याच हवेसाठी मापाने ४० टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन लागतं, म्हणजे पेट्रोलवर ८५ टक्क्यांवर चालणारा इंजेक्टर तिथे सरळ कमी पडणार.

प्रश्न: बूस्ट वाढवल्यावर एका ठराविक पॉइंटला कुणीतरी ब्रेक मारल्यासारखी गाडी तुटते. फ्युएल कट आहे म्हणे. फ्युएल कट काढणारा छोटा डबा मिळतो, लावू का?

उत्तर: लावू नका. तो डबा बूस्टचा सिग्नल एका मर्यादेवर दाबून धरतो, खरा बूस्ट कितीही वाढला तरी ईसीयूला त्याच्या खालचाच दिसतो. मग पेट्रोलही त्याच खालच्या आकड्याचं मिळतं. कंपनीने ती मर्यादा ठेवली कारण त्याच्या पुढे त्यांच्या इंजेक्टर-पंपाची आणि मॅपची हद्द संपते. कधीकधी तर बूस्ट वाढवलेलाच नसतो आणि वेस्टगेटचा (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारा, बूस्ट आवरणारा व्हॉल्व्ह) होज निसटल्यामुळे बूस्ट चढत असतो, तेव्हा हा कटच इंजिन वाचवत असतो. आधी बूस्ट गेज लावून कट किती बारला होतोय ते बघा. तुम्ही ठरवलेल्यापेक्षा जास्त दिसला तर होज आणि वेस्टगेट तपासा. ठरवलेल्याइतकाच असेल तर रीमॅप करून घ्या आणि कट काढून न टाकता नव्या मर्यादेवर नेऊन ठेवायला सांगा.

प्रश्न: डायरेक्ट इंजेक्शनची नवी टर्बो गाडी आहे. मोठे इंजेक्टर टाकले की झालं ना?

उत्तर: इथे गणित वेगळं आहे. पोर्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर जवळजवळ पूर्ण सायकलभर पेट्रोल टाकू शकतो, बंद असलेल्या व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल थांबतं. डायरेक्टमध्ये ते इनटेक आणि कॉम्प्रेशनच्या वेळातच सिलेंडरमध्ये जाऊन हवेत मिसळायला हवं, ६५०० आरपीएमला १८.५ मिलिसेकंदातले जेमतेम ५ च्या आसपास हाताशी असतात. म्हणून तिथे प्रेशर १०० बारच्या कितीतरी वर असतं आणि ते कॅमवर चालणारा हाय प्रेशर पंप देतो. बूस्ट वाढवल्यावर बऱ्याचदा पहिला हाच पंप दमतो. लॉगमध्ये ईसीयूने मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं रेल प्रेशर शेजारीशेजारी ठेवून बघा, वरच्या आरपीएमला दुसरी रेषा पहिलीपासून खाली सुटायला लागली की पंप अपुरा. आधी टाकीतल्या लो प्रेशर पंपाचं प्रेशर तपासा कारण त्याच्याकडूनच वरच्याला मिळतं, मग हाय प्रेशर पंप बदला. त्याच्याही पुढे जायचं असेल तर पोर्टमध्ये वेगळे इंजेक्टर वाढवतात, पण तो मोठा उद्योग आहे, ट्यूनर ते नेहमी करणारा असेल तरच हात घाला.

प्रश्न: ट्रॅकवर लांब उजव्या वळणातून बाहेर पडताना गाडी क्षणभर मरते, सरळ रस्त्यावर काही नाही. ट्यूनरने मॅप दोनदा तपासला.

उत्तर: मॅपला उगाच दोष देऊ नका, टाकीत बघा. लांब वळणात पेट्रोल टाकीच्या एका बाजूला जाऊन चिकटतं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो आणि तुम्ही नेमकं तेव्हाच थ्रॉटल उघडता. टाकी अर्धी असताना होतं आणि भरलेली असताना होत नाही असं असेल तर नक्की हेच. भरलेल्या टाकीने चार लॅप मारून बघा, मग अर्ध्या टाकीने, पण अर्ध्या टाकीच्या वेळी बूस्ट कमी ठेवा कारण तो एक क्षण लीनचा असतो. तसंच निघालं तर टाकीत बॅफल, म्हणजे पेट्रोल अडवणाऱ्या पट्ट्या, टाका, नाहीतर छोटी सर्ज टँक लावा, म्हणजे टाकीतला पंप ती भरत राहतो आणि इंजिनाचा पंप त्या कायम भरलेल्या टँकमधून ओढतो. सर्ज टँक गाडीच्या आत बसवायची असेल तर सीलबंद डब्यात बसवा, त्या डब्याचा व्हेंट बाहेर काढा, आणि रिटर्न लाइन सर्ज टँकमध्ये परत आणायला विसरू नका.